एका बुचाचे दोन तुकडे

मित्रांनो, आधी माझ्या पोटातली दोन भोकं पाहून घ्या, म्हणजे ओळख लवकर पटेल. परराष्ट्र खात्याच्या बैठकीच्या टेबलावर बसणारा मी एक जुना लाकडी ठोकळा. एका भोकात आमचा झेंडा, दुसऱ्यात पाहुण्यांचा. झेंडे वीतभरच, पण त्यांच्यामागे आख्खे देश उभे असतात. त्यामुळे मला शिंक आली तरी शिंकायची सोय नाही.

सुताराने दोन्ही भोकं अगदी एका मापाची पाडली होती. "एक सूत कमीजास्त झालं तर लढाई व्हायची," असं तो म्हणायचा. आपण विनोद करतोय, अशी त्याची समजूत होती.

माझी झाडपूस मामांकडे होती. मामा म्हणजे बैठकीच्या खोलीचे शिपाई. मंत्रीसुद्धा त्यांना मामाच म्हणत. पेन्शनला सहा महिने उरले होते.

अशात, जहाजाने एकवीस दिवसांच्या वाटेवरच्या देशातून पाहुणे आले. त्यांना आमचे पंप हवे होते, आम्हाला त्यांचा गहू. मामांनी काय करावं? पाहुण्यांच्या भोकाच्या तळाशी शाईच्या बाटलीचं बूच घातलं. त्यांचा झेंडा बोटभर वर आला. पाहुण्याला धड खुर्ची द्यावी, डुगडुगती आपण घ्यावी, एवढंच राजकारण मामांना ठाऊक!

पहिल्या दिवशी पाहुणे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शिष्टाचार अधिकाऱ्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांना मागून सगळे फूटपट्टीसाहेब म्हणत, आणि पट्टी खरोखरच त्यांच्या खिशात असे.

"मामा, आपला झेंडा खाली?"

"साहेब, ते पाहुणे आहेत."

"पाहुणे तुमच्या घरी! इथे ते परराष्ट्र आहेत."

बूच निघालं. मामांच्या निलंबनाचा कागद टाइप होऊन त्यांच्या हातात आला. तेवढ्यात पाहुण्यांचे प्रमुख आत शिरले आणि मला पाहून थबकले. त्यांचं बोलणं दुभाषी बाईंनी जपून जपून सांगितलं, "ते विचारताहेत, आमचा देश एका रात्रीत बोटभर खचला कसा?"

फूटपट्टीसाहेब नियम वाचू लागले. पाहुणे फायली बांधू लागले. गहू पुन्हा एकवीस दिवस लांब गेला.

मामा पुढे झाले. तळहातावर बूच होतं.

"बाई, त्यांना सांगा, हे मी घातलं होतं. पाहुण्याचं वर असावं म्हणून. चूक माझी. तिचा राग गव्हावर काढू नका म्हणावं."

प्रमुखांनी बूच उचलून उजेडात धरलं आणि ते मोठ्याने हसले.

"त्यांची आईही असंच करते म्हणतात," बाई सांगू लागल्या. "पाहुणे आले की स्वतः स्टुलावर बसते. आता हे बूच तुमच्या झेंड्याखाली घाला म्हणताहेत."

"छे, छे! त्यांच्याच," मामा म्हणाले.

"नाही, तुमच्याच म्हणताहेत."

अर्धा तास हेच चाललं. मी पुष्कळ वाटाघाटी पाहिल्या, पण समोरच्यासाठी एवढं ताणून धरलेलं तेव्हाच पाहिलं. शेवटी मामांनी ब्लेडने बूच मधोमध आडवं कापलं आणि दोन्ही भोकांत एकेक तुकडा बसवला. दोन्ही झेंडे अर्धं अर्धं बोट वर आले. म्हणजे सुताराने ठेवले होते तसे पुन्हा बरोबरीत. फूटपट्टीसाहेबांनी मापून पाहिलं. "बसतं नियमात," ते म्हणाले. दुपारी करारावर सह्या झाल्या. निलंबनाच्या कागदाचीही सोय लागली. साहेबांच्या देखत मामांनी त्याची चौघडी केली आणि डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सारली.

आता बैठकांना चकचकीत स्टीलचे स्टँड आलेत. मी कपाटात असतो. कुणीतरी माझ्यात पेन्सिली खोचतं. तक्रार नाही. माझं काम चोख झालंय.

फक्त एक करा, मित्रांनो. कधी मला पुसायला घेतलंत आणि तळाशी काही अडकलेलं दिसलं, तर टाचणीने कोरून काढू नका. आमच्या बंदरात अजून गहू उतरतो, तो त्या दोन तुकड्यांवर उभा आहे.