सोडियममामी

मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरात बायकोला सोडियम म्हणायचे. पाण्याचा थेंब पडला तरी भडकणारा धातू आहे म्हणे. नातेवाईक पोट धरून हसायचे. आता तर नणंदेची मुलंही तिला सोडियममामी म्हणायला लागली होती.

त्या दिवशी ती भाजी चिरायला बसली, तर सुरी गायब. ती शाळेत कुणी नेली असणार हे तिला वेगळं सांगायला नकोच होतं. तिचं डोकं फिरलं. चपला पायात सरकवून ती तडक प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत मास्तरांनी रॉकेलच्या बरणीतून चिमट्याने एक मळकट, करडा तुकडा बाहेर काढला होता. त्यावर त्यांनी तिची सुरी टेकवली, आणि लोण्यात जावी तशी ती अलगद आत गेली.

"सोडियम इतका मऊ असतो," ते मुलींना सांगत होते. "आणि आतून चांदीसारखा. पटकन बघून घ्या, हवा लागली की काळवंडतो."

कापलेली बाजू लखकन चमकली आणि तिच्या डोळ्यांदेखत विझून गेली.

"हे घरी कधी बोलला नाहीत," ती दारातूनच म्हणाली.

मास्तर ओशाळले. "राहून गेलं. सुरी हवी आहे ना?"

"सुरी राहू द्या." ती जायला वळली आणि थांबली. "संध्याकाळी घरी याल तेव्हा एवढंच सांगा, मला कुणाची हवा लागली?"