मी कोमट झालो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. ओतीव लोखंडाचा, भरभक्कम फासळ्यांचा, आणि इतका जड की मला उचलताना एका हमालाची कंबर कायमची धरली. माझ्या पोटात गरम पाणी फिरतं आणि त्यानं खोली उबदार होते. एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं अशी माझी समजूत होती. हल्ली मात्र माझं मलाच काही कळेनासं झालं आहे.

वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी जन्माला आलो. तरुणपण यॉर्कशायरमधल्या टेकडीवरच्या एका गावात, प्रार्थनागृहात गेलं. थंडीत माझ्याजवळच्या बाकासाठी लोक भांडत, तेही देवासमोर. पुढं माणसं येईनाशी झाली, प्रार्थनागृहाला टाळं लागलं आणि मी भंगारात निघालो. तेव्हा सिरिल ग्रीनवुड नावाचा बसचालक आला, त्यानं माझ्या पाठीवर टकटक केलं आणि म्हणाला, "हा आपल्या घरी येणार."

"अरे देवा!" त्याची बायको ऑड्री म्हणाली. "हा घरात आला तर आपण कुठं राहायचं?"

पण पुढं तिनंच मला जीव लावला. स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ पेटे, आणि तेवढ्यात मी असा तापे की हात लावणारा किंचाळून मागं सरे. माझ्या अंगावर मोजे वाळले, हातमोजे वाळले, त्यांची लेक जिलियन हिचे शाळेचे भिजलेले बूट वाळले. मांजर तर माझ्या पायाशीच म्हातारं झालं. संध्याकाळी सगळ्या खुर्च्या माझ्याभोवती गोळा होत.

एक खुर्ची मात्र खिडकीपाशीच राही. ती सिरिलची आवडती. तिथून खालची दरी आणि वळणावळणानं चढणारी बस दिसे. पण हिवाळाभर गारठ्यामुळं तिथं कुणी बसू शकत नसे. सिरिल चिकाटीनं प्रयत्न करी, मग नाकाचा शेंडा चोळत माझ्याकडे येई. "हरलो बुवा," म्हणे.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर तो घड्याळामागं ठेवलेली छोटी पितळी चावी काढी आणि माझ्या कडेच्या झडपेत फिरवी. पोटात अडकलेली हवा फुस्स करून बाहेर पडे. "म्हातारबुवांचं पोट साफ झालं," असं जाहीर करून तो चावी परत जागेवर ठेवी.

एका वर्षी सिरिल गेला. मागोमाग बॉयलरही धापा टाकू लागला. जिलियन लीड्सहून आली आणि म्हणाली, "आई, आता हीट पंप बसवू. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो तो. सरकार पैशाला हातभारही लावतंय. गॅस काही कायमचा नाही."

"मीही कायमची नाही. मग मलाही बदलणार का?"

"आई, वाकड्यात शिरू नकोस गं."

शेवटी ऑड्रीनं नव्या स्वयंपाकघरासाठी राखून ठेवलेले पैसे काढले आणि घराची दैना सुरू झाली. फरश्या उखडल्या, नळ बदलले, माडीवरचे माझे पत्र्याचे भाऊबंद उचलून नेले. बसवणारा क्रेग माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. पण तो म्हणाला, "ह्याला हात लावायचा नाही. हा पठ्ठ्या सगळ्यांना पुरून उरेल." मी फुशारलो. पंपाचं बाहेरचं यंत्र मात्र सिरिलनं लावलेल्या रुबार्बच्या वाफ्यावर बसलं. त्या आंबट देठांचा मुरंबा ऑड्री दर उन्हाळ्यात करायची. ती खिडकीतून बघत राहिली.

शेजारीण बेरिल कुंपणावरून डोकावली. "अगं ऑड्री, फ्रीज बाहेर का ठेवलायस?"

"आत तुझ्यासारखी माणसं येतात ना, उघडून बघतात."

क्रेगनं जाताना बजावलं, "मिसेस ग्रीनवुड, हे बंद करायचं नाही. दिवसरात्र हळूहळू चालू द्या." ऑड्रीनं मान डोलावली. आणि मित्रांनो, तिथून माझा गोंधळ सुरू झाला. माझ्या पोटात पाणी आलं, पण उकळतं नव्हे. कोमट! मांजराच्या अंगाइतकं कोमट! मी वाट पाहिली. आता तापेन, मग तापेन. मी तापलोच नाही.

ऑड्रीनं माझ्यावर हात ठेवला आणि चटका न बसता तो तसाच राहिला. तिचा चेहरा उतरला. "काय रे, बरं नाही का तुला?"

मलाही वाटलं, आपण आजारी आहोत. पोटात हवा भरली असणार. म्हणून तिनं घड्याळामागची चावी काढली, खाली वाडगा धरला आणि माझी झडप उघडली, तेव्हा मला हायसं वाटलं. पण फुस्स झालंच नाही, सरळ पाणी आलं. हवा पाण्यामागून येईल अशा आशेनं तिनं वाडगा भरू दिला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, आणि मग रोजच.

आता नळांतल्या पाण्याला ठरावीक दाब लागतो. रोज वाडगाभर पाणी काढल्यानं तो उतरला आणि बाहेरच्या यंत्रानं संप पुकारला. घर बर्फासारखं गार पडलं. क्रेगनं येऊन पाणी भरलं, यंत्र चालू झालं. काही दिवसांनी पुन्हा बंद. "कुठंतरी गळतंय," असं म्हणून त्यानं फरश्या पुन्हा उखडल्या. गळती सापडेना. अखेर त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला कुणी चावी लावतं का?"

"छे! मी कशाला लावू?" ऑड्री म्हणाली. सिरिलची चावी हा काढून नेईल अशी तिला भीती वाटली असावी. तिची मूठ एप्रनच्या खिशात होती आणि मुठीत चावी होती.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण लोखंडाला तोंड कुठलं?

ऑड्रीला खोकला जडला तेव्हा जिलियनच्या संयमाचा बांध फुटला. "बास झालं. तू माझ्याकडे चल. हे यंत्र गेलं खड्ड्यात. थंडी सरली की घर विकून टाकू." ऑड्री नेहमी भांडते, पण तेव्हा भांडली नाही. तिनं सवयीनं गार चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवला. तो काही गरम झाला नाही. हे सगळं माझ्यामुळं झालं, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

दोघी निघण्यापूर्वी क्रेगनं शेवटचं पाणी भरून दिलं आणि त्या गेल्या. रिकाम्या घरात कुणी चावी लावली नाही. बाहेर यंत्र गुणगुणत होतं, मी कोमट होतो. कुणासाठी, ते ठाऊक नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी दार उघडलं. घराची किंमत ठरवायला माणूस येणार होता, म्हणून मायलेकी सामान आवरायला आल्या होत्या. बाहेर हिम भुरभुरत होतं. ऑड्रीनं आल्याआल्या माझ्यावर हात ठेवला. "कोमटच. अजून तसाच आहे बिचारा." तिनं कोट काढला. स्वयंपाकघरातून वाडगा आणला, पर्समधून चावी काढली. मग गळ्याची शाल काढली, लोकरी स्वेटर काढला आणि जरा दम खायला वाडगा मांडीवर घेऊन बसली.

जिलियन बाह्या सरसावून आत आली आणि दारातच थबकली. "आई, तू कुठं बसलीयस?"

ऑड्रीनं इकडंतिकडं पाहिलं. ती खिडकीपाशी, सिरिलच्या खुर्चीत बसली होती. काचेपलीकडं हिम पडत होतं आणि दरीतून बस चढत होती. तिनं आपल्या नाकाच्या शेंड्याला हात लावून पाहिला. तो गार नव्हता. मग तिला रडूच कोसळलं. "अगं, तो बिचारा इथं बसायला धडपडायचा गं!"

थोड्या वेळानं जिलियननं विचारलं, "आणि हा वाडगा कशाला?"

तेव्हा ऑड्रीनं सगळं सांगितलं. जिलियन आधी चिडली, मग हसून हसून खाली बसली. तिनं किंमत ठरवणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. चावी पुन्हा घड्याळामागं गेली. ऑड्री माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "म्हणजे तू बरा होतास तर!"

बेरिल अजून विचारते, "काय गं, एवढा खर्च आणि एवढा पसारा, फायदा झाला का?" ऑड्री एकदा हो म्हणते, वाफ्याकडे नजर गेली की नाही म्हणते. मला विचाराल तर मला काहीच कळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जुनं माणूस किंवा जुनी वस्तू कोमट, गप्प झाली, तर लगेच मोडीत काढू नका. ती आजारी आहे असं समजून घाईनं तिच्यावर उपचारही करू नका. आधी खोलीत नीट बघा, कोण कुठं बसलं आहे. आमच्याकडे ऑड्री आता हिवाळाभर खिडकीपाशी बसते आणि आताचं मांजर सोफ्याखाली झोपतं. माझ्याजवळ कुणीच येत नाही. याचं मी वाईट वाटून घेऊ की आनंद मानू, ते तुम्हीच मला सांगा.