नावापुरती मालकीण

दुपारी कपडे वाळत घालून ती जरा टेकते न टेकते, तोच आतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, मोबाइलवर ओटीपीचा आकडा आलाय का बघ!" तिने आकडा वाचून दाखवला. तो कशासाठी लागतो, हे तिने लग्नापासून विचारलं नव्हतं. नवरा इंटरनेटवरचे पत्ते, म्हणजे वेबसाइटची नावं, भाड्याने द्यायचा. कुणी मुदत वाढवायला विसरलं, की तो पत्ता हा उचलायचा आणि भलत्यालाच भाड्याने द्यायचा. पत्ते मात्र सगळे बायकोच्या नावावर. असे नवरे घरोघरी सापडतील. बायकोचा मान राखायला नव्हे, उद्या काही लफडं झालंच तर आपण नामानिराळे राहावं म्हणून!

दार वाजलं. बाहेर साठीची, चालून दमलेली एक बाई उभी होती.

"या पत्त्याच्या मालकीण तुम्हीच ना?" तिने मोबाइल पुढे केला. "यातलं नाव माझ्या मिस्टरांचं आहे. डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्या आजारपणात मुदत वाढवायची राहिली, मग तेही गेले. आता इथे कुणीतरी डोळ्यांत घालायचं औषध विकतंय. आमच्या जुन्या शिंप्याने डॉक्टरांचं नाव बघून मागवलं. एक डोळा गेला हो त्याचा!"

नवरा बाहेर आला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस तसा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती.

"वाईट झालं, बाई. पण आम्ही सगळं कायद्यात बसवून केलंय. भाडेकरू काय विकतो, ते त्याचं तो जाणे. तुम्ही कोर्टात जा ना."

"वकील म्हणतात, वर्षं जातील. तोवर लोक औषध घेतच राहणार."

"मग मी काय करू? करार झालाय."

बायको पुढे आली. तिला शीण आला होता. नवऱ्याचा राग यायला हवा होता, पण स्वतःचीच जास्त लाज वाटत होती.

"मालकीण मी आहे ना?" ती म्हणाली. "मग भाडेकरूला आत्ता काढा. पत्ता यांना परत द्या."

"डोकं फिरलंय का? दावा ठोकेल तो. तुझ्यावर!"

"ठोकू दे. शिंप्याच्या डोळ्याचा जाबही लोक मलाच विचारणार होते. तेव्हा तुम्ही पुढे आला असतात?"

चरफडत तो कॉम्प्युटरपाशी बसला. त्या पानावरच्या औषधाच्या बाटल्या दिसेनाशा होईपर्यंत आणि पत्ता आपल्याकडे येईपर्यंत डॉक्टरांची बायको तिथेच उभी राहिली. तिने आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे? "शिंप्याला सांगते," एवढंच म्हणून ती जिना उतरली.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

बायकोचं अंग मोडून आलं होतं. जरा पडावंसं वाटत होतं. तरी तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आता बाकीचे दाखवा," ती म्हणाली. "माझ्या नावावर अजून कुणाकुणाचं वाटोळं चाललंय, ते मला कळू दे."

नवऱ्याने तिच्याकडे न बघताच यादी उघडली.