खोलातून वर आणलेली मस्की

ऑगस्टात टॅमरॅक तळ्याचं पाणी असं तापलं, की धक्क्यावरून पाय सोडून बसलं तरी गारवा लागेना. आइली कॉस्केलानं दरवर्षीसारखी लाल पाटी ठोकली: पाणी तापलं आहे, मस्कीच्या मागे लागू नका. मस्की म्हणजे आमच्या तळ्यातला सर्वांत मोठा शिकारी मासा; तापल्या पाण्यात ती गळाशी झुंजून झुंजून दमते, तिला श्वास पुरत नाही आणि सोडून दिली तरी ती मरते, हे आमच्याकडे आता शेंबडं पोरसुद्धा सांगतं. आम्हाला ते शिकवलं आइलीनं. शाळेची बस चालवायची तेव्हा ती मुलांना शिस्तीत बसवायची. निवृत्त झाल्यावर आम्हा क्लबातल्या मस्कीवाल्यांना बसवायला लागली. मस्की पाण्याबाहेर धरून ठेवायची नाही. गळ निघत नसेल तर कातरीनं तोडायचा. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. मस्की आम्ही खात नाहीच. धरायची ती सोडण्यासाठी.

त्या शनिवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "वेंडेल, चल, खोलात वॉलआय मासे बघू. जेवणापुरते मिळतील."

वेंडेलनं बोटीत डोकावून पाहिलं. "मग ही मस्कीच्या गळाची जाडी काठी कशाला घेतलीस? वॉलआय काय रेड्याएवढे झालेत?"

"असू दे. पडून राहील एका बाजूला."

वेंडेलनं बोटीचा दोर सोडला. संसार करून त्याला एवढं कळलं होतं, की आइली 'असू दे' म्हणाली की विषय संपला.

तळ्याच्या मधोमध, जिथे तळ सर्वांत खोल जातो, तिथे उन्हाळ्यात सिस्को नावाची चांदीसारखी बारीक मासळी गार पाण्यात उतरून बसते. तिच्या मागोमाग मोठ्या मस्की उतरतात. आइलीनं बोट थांबवली आणि मासे दाखवणारा पडदा लावला. सिस्कोंचा ढग दिसला आणि त्याच्या खाली एक जाड, वाकडी रेघ. ती रेघ हलत नव्हती.

"बाप रे," वेंडेल म्हणाला. "लाकडाचा ओंडका असेल."

आइलीला माहीत होतं की तो ओंडका नाही. एवढ्या मोठ्या मस्कीची वाट बघण्यात तिचे किती उन्हाळे गेले होते! नुसतं आमिष खाली सोडून बघू, ती वळते का एवढंच बघायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. त्या क्षणी तिला ते खरंही वाटलं. तिनं जाडी काठी उचलली, जड रबरी आमिष सोडलं आणि ते सिस्कोंच्या ढगापर्यंत पोचतं न पोचतं तोच काठी वाकली.

मग ती सगळं विसरली. दोरी जाड होती, रीळ दणकट होतं आणि आइलीच्या दंडात अजून जोर होता. तिनं मासा भराभर वर ओढला. खोलातला मासा असा झपाट्यानं वर आणला की त्याच्या पोटातली हवा फुगते, हे तिनं गेल्याच वर्षी क्लबात चित्र काढून समजावलं होतं.

वेंडेलनं जाळं लावलं. मस्की जाळ्यात आली. सव्वाचार फुटांच्या वर होती. पाठीवर जुन्या पितळेची झाक आणि पोट फुगलेलं, ढोलासारखं.

गळ आइलीनं कातरीनं तोडून काढले. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. हात सराईत होते. आणि मग ती म्हणाली, "फोटो काढ."

"आइली, तिचं पोट बघ."

"एकच. लवकर."

तिनं मस्की दोन्ही हातांवर उचलली. वेंडेलला उन्हात फोनचा पडदा दिसेना. त्यानं चष्मा काढला, परत लावला. एक फोटो निघाला, त्यात तिचे डोळे मिटलेले होते.

"अजून एक," ती म्हणाली.

तो दुसरा फोटो काढून होईपर्यंत मस्कीच्या कल्ल्यांची उघडझाप मंदावली होती.

तिनं मस्की पाण्यात सोडली, शेपटीशी धरून सरळ ठेवली. हात सैल केला की मस्की कुशीवर कलायची, पांढरं पोट वर. परत सरळ करायची, परत कलायची. ऊन चढत गेलं. वरचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं आणि गारवा खाली, जिथे त्या फुगलेल्या पोटानं मस्कीला जाता येत नव्हतं.

तेवढ्यात मोटरीचा आवाज आला आणि एक सपाट बोट जवळ येऊन थांबली. बोटीत रॉली प्लूफ होता.

यापेक्षा दुसरं कोणीही आलं असतं तर चाललं असतं. रॉलीची मैला उपसायची गाडी आहे. तळ्याकाठच्या निम्म्या घरांच्या टाक्या तोच रिकाम्या करतो. आदल्या उन्हाळ्यात त्यानं धरलेली मस्की मेली होती. ती घेऊन तो धक्क्यावर आला तेव्हा आइली भरल्या धक्क्यावर त्याला म्हणाली होती, "मारायचंच असेल तर कत्तलखान्यात जा की नोकरीला! नाहीतर तुझी टाकीच बरी. तिथं काही जिवंत नसतं." लोक खो खो हसले होते. रॉलीची बायको जीनी बाजूलाच उभी होती. त्यानंतर क्लबात रॉलीला कोणी येऊ नको म्हणालं नाही. फक्त त्याच्यासाठी खुर्ची धरणं बंद झालं. मग तो यायचा थांबला.

आइलीनं मान वर केली नाही. आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं.

रॉलीनं मस्कीकडे पाहिलं, आइलीच्या लाल झालेल्या हातांकडे पाहिलं. बूट काढले आणि शर्टासकट पाण्यात उतरला.

"सरक," तो म्हणाला. "तिचं डोकं खाली करून ढकलायला लागेल. गार पाणी लागेपर्यंत. बोटीत बसून होत नाही ते."

"रॉली, मी..."

"शेपूट सोड."

त्यानं मस्की छातीशी घेतली, दम भरला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा मस्कीही त्याच्या मागोमाग वर आली. पुन्हा गेला. पुन्हा तेच. वेंडेल म्हणाला, "अरे, हृदय बंद पडेल तुझं." रॉली खोकत हसला, "मग मलाही सोडून द्या, नियमाप्रमाणे."

शेवटी एकदा तो बराच वेळ खाली राहिला आणि वर आला तो एकटाच. तिघं पाण्याकडे बघत राहिले. मस्की वर आली नाही.

"तुला हे कसं माहीत?" आइलीनं विचारलं.

रॉली बोटीला धरून धापा टाकत होता. "माझी होती ना, गेल्या वर्षीची. दुपारभर हेच करत होतो. शेवटी मेलीच." त्यानं नाक शिंकरलं. "तू विचारलंस कुठं?"

रॉली आपल्या बोटीवर चढला, शर्ट पिळला आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. गरम होत होतं म्हणून पोहायला आलो होतो." आणि निघून गेला.

घरी स्वयंपाकघरात वेंडेलनं दोन्ही फोटो पुसून टाकले. तिनं पाहिलं, पण 'राहू दे' म्हणाली नाही आणि 'बरं केलंस' असंही म्हणाली नाही.

पुढच्या शुक्रवारी क्लबाचं जेवण होतं: तळलेले मासे, बटाटे, कोबीची कोशिंबीर. मधल्या दिवसांत तंबूवाल्यांच्या किनाऱ्याला एक मोठी मस्की मरून लागली होती. टेबलावर तोच विषय. क्लबाचा अध्यक्ष गॉर्डी लिंडाल म्हणाला, "शनिवारी प्लूफची बोट खोलात दिसली होती. दुसरं कोण असणार?"

"लाल पाटी वाचता येत नाही त्याला," कोणीतरी म्हणालं. "नाकात वास गेलेला, तसा डोळ्यांतही गेला असेल." हशा झाला.

आइलीनं काटा खाली ठेवला. "ती मस्की माझी होती."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी धरली. पाटी मीच ठोकली होती आणि मीच धरली. भराभर वर ओढली, पाण्याबाहेर काढून दोन फोटो काढले. रॉली पाण्यात उतरून तिला वाचवत होता."

तिला वाटलं, आता कोणीतरी उठेल. तिनं रॉलीला ऐकवलं होतं तसलं काही ऐकवेल. ती खरोखर त्याची वाट बघत होती.

गॉर्डीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, होतं असं. सगळं नीट करूनही मासा मरतो कधीकधी."

"नीट केलं नव्हतं, गॉर्डी. तेच सांगतेय."

"तुझ्यासारखीनं असं मनाला लावून घ्यायचं नसतं," गॉर्डीची बायको म्हणाली आणि तिनं ब्लूबेरी पायचा तुकडा आइलीच्या ताटात वाढला. मोठा तुकडा. पलीकडच्या कोणीतरी विचारलं, "केवढी होती गं नक्की?" आणि सगळे कान टवकारून पुढे झुकले.

तेव्हा तिला भडभडून आलं. तीच चूक, तोच मासा, तेच तळं. रॉलीला खुर्ची मिळाली नव्हती आणि तिला पायचा मोठा तुकडा मिळत होता. आपणच या लोकांना हे शिकवलं, असं तिला वाटलं. कुणावर हसायचं आणि कुणाला सांभाळून घ्यायचं तेसुद्धा. ताट तसंच टाकून ती बाहेर पडली. वेंडेल मागून टोप्या घेऊन आला.

रविवारी ती रॉलीच्या घरी गेली. तो अंगणात गाडीची जाड नळी धूत होता. जीनी जाळीच्या दाराआड उभी होती. बाहेर आली नाही.

"माफी मागायला आलीस?" रॉलीनं पाणी बंद न करता विचारलं.

"हो."

"माग मग."

आइलीनं मागितली. धक्क्यावरच्या शब्दांची मागितली, न विचारल्याची मागितली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जे आलं ते बोलली. जीनीला ऐकू जावं म्हणून शेवटचं जरा मोठ्यानं बोलली आणि बोलता बोलताच तिला त्याचीही लाज वाटली.

"बरं," रॉली म्हणाला.

"एवढंच?"

"मग काय? मी पाद्री आहे का, डोक्यावर हात ठेवायला?" त्यानं नळी गुंडाळायला घेतली. "मस्की मेली ना?"

"मेली."

"वाटलंच होतं." तो खरंच वाईट वाटून म्हणाला. "चांगलं जनावर होतं."

"शुक्रवारी क्लबात ये ना, रॉली. माझ्याशेजारी बस."

"येतो की. महिन्याच्या महिन्याला येतो. मागच्या दारानं, टाकी उपसायला." तो हसला, पण आइलीला हसू आलं नाही, आणि मग त्याचंही हसू गेलं. "जीनीला विचार," तो हळू आवाजात म्हणाला. "ती हो म्हणाली तर येऊ."

आइलीनं जाळीच्या दाराकडे पाहिलं. जीनीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं आतलं लाकडी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

गाडीत वेंडेल थांबला होता. "काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"मग झालं की."

"नाही झालं," आइली म्हणाली. तिनं किल्ली फिरवली, पण गाडी लगेच काढली नाही.