अट क्रमांक चौदा

आमच्या गावात ओढ्यावर पूल व्हायला हवा, हे ठरून एकतीस वर्षं झाली. पूल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. तीस पावलांचा, लोखंडी, माणसांनी चालत जाण्यापुरता. नगरपालिकेच्या दरवर्षीच्या कामांच्या यादीत तो असतोच, कधी सातवा, कधी अकरावा. पैसे पाचव्या कामाशी संपतात, त्यामुळे पूल यादीतच राहतो. यंदा मी तो तिसऱ्या क्रमांकावर आणला. कसा आणला ते माझं मला माहीत. साहेबांना माझ्या चपलांचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

मी नगरपालिकेत इंजिनियर आहे. पूर्वी त्याच खोलीत बाबा ओव्हरसियर होते आणि पुलाचा पहिला नकाशा त्यांनीच काढला होता. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. खुब्यात रॉड घातल्यापासून त्यांना गाडीत बसता येत नाही, कंबर तेवढी वाकतच नाही. वॉकर घेऊन सपाटीवर मात्र ते चालतात. आमच्या घरामागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे त्यांचे जन्माचे मित्र, टेलरकाका. पूर्वी दोघं दगडांवरून ये-जा करायचे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ते दगड वाहून गेले. रस्त्यानं वळसा घालून यायचं तर तास जातो, आणि काकूंनी अंथरूण धरल्यापासून काकांना त्यांना पाव तासाच्या वर एकटं सोडता येत नाही.

म्हणून दोघं रोज संध्याकाळी आपापल्या काठावर खुर्ची टाकतात आणि ओरडून गप्पा मारतात. दोघांच्या पोटाच्या तक्रारी सगळ्या आळीला पाठ आहेत. गेल्या काही महिन्यांत बाबांचा आवाज पलीकडे पोचेनासा झालाय. ते बोलतात आणि मी ओरडते. मित्राशी बोलायला मुलीचा घसा उसना घ्यावा लागतो याची त्यांना लाज वाटते, आणि मला त्यांची लाज बघवत नाही.

तर टेंडर. आमचा नियम असा, की पहिल्या दोन वेळेला किमान तीन निविदा यायला हव्यात. तिसऱ्या वेळी एक आली तरी चालते. पहिल्यांदा दोन आल्या, लिफाफे न उघडता परत गेले. दुसऱ्यांदा एक आली, तीही परत. मी गावातल्या यच्चयावत कंत्राटदारांच्या नावानं बोटं मोडली. यांना फक्त रस्ते हवेत, म्हटलं, लहान कामाला कुणी हात लावायला नको.

तिसऱ्या जाहिरातीच्या वेळी गावाबाहेरचा शेडवाला चौकशीला आला. गोदामांच्या लोखंडी शेडी उभारणारा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला जागा दाखवायला पलीकडच्या काठावर नेलं. त्यानं टेप लावून मोजमाप घेतलं, मातीत पहार मारून बघितली आणि म्हणाला, "दोन महिन्यांचं काम आहे मॅडम." मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. टेलरकाकांनी हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं. निघताना त्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेला शर्ट ठेवला. "बापाला दे. पुलावरून येताना घालायला सांग."

लिफाफा उघडायच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही पाच जण होतो. साहेब, हेडक्लार्क, लेखापाल, मी आणि दाराजवळ हात बांधून बसलेला शेडवाला. आधी कागदपत्रांचा लिफाफा उघडायचा, ती पुरी असतील तर दराचा. हेडक्लार्क एकेक अट वाचत होते आणि पेन्सिलीनं टिक करत होते. तेरापर्यंत खुणा झाल्या. मग पेन्सिल थांबली.

"अट क्रमांक चौदा. निविदाधारकाकडे स्वतःच्या मालकीचा डांबर मिश्रणाचा प्लांट असणे बंधनकारक. कागद कुठाय?"

शेडवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीकडे बघत होते.

"डांबराचा प्लांट कशाला?" मी म्हटलं. "पूल लोखंडाचा आहे."

"ते मला नका विचारू," हेडक्लार्क म्हणाले. "मसुदा तुमच्या विभागाचा."

"अहो, पण अख्ख्या पुलावर चमचाभर तरी डांबर आहे का?"

"नसेल. अट आहे."

"साहेब, तुम्ही तरी सांगा."

"मॅडम, आज मी अट सोडली, तर उद्या दुसरा कुणीतरी कोर्टात जाईल की आमच्यासाठी का नाही सोडली." साहेबांनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी बघू."

शेडवाला उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मला वाटलं, लिहायचं म्हणून लिहिलं असेल. बाकीचे ती अट वाचून फिरकलेच नाहीत. एकदा विचारायचं तरी होतं मी." त्याला माझा राग यायला हवा होता, तो स्वतःवरच चिडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वेळा जाहिरात काढली. तिन्ही वेळा तो मसुदा माझ्या सहीनं गेला.

सही करताना मी काय बघितलं होतं? कामाचं नाव, लांबी, रुंदी, मुदत. अटी आम्ही बघत नाही. आमच्याकडे नवा मसुदा कुणी लिहीत नाही, मागच्या कामाचा घ्यायचा आणि वरचं नाव बदलायचं. अट वाढवली तर कुणी काही विचारत नाही. काढली, की का काढली याचा लेखी खुलासा मागतात. त्यामुळे तीस वर्षांत आमच्या मसुद्यातून एक ओळसुद्धा कमी झालेली नाही. पाण्याच्या टाकीचं टेंडर काढलं, तेव्हा त्यातही झाडांना कुंपण घालायची अट होती. आम्ही हसलो होतो आणि तशीच ठेवली होती. ही शिकवण मला नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी दिली होती. "काही काढू नकोस. हवं तर वाढव."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा मागच्या दारात बसले होते. दाढी केलेली. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"कशात घोडं अडलं?"

"एका अटीत. कुणा महाभागानं घालून ठेवलीय कोण जाणे." माझ्या तळपायाची आग अजून मस्तकातच होती. मी पर्स आपटली आणि कागद काढला. "ऐका. निविदाधारकाकडे स्वतःच्या मालकीचा..."

"...डांबर मिश्रणाचा प्लांट असणे बंधनकारक," बाबा म्हणाले.

मी कागदावरून वर बघितलं. ते ओढ्याकडे बघत होते.

"बाजारपेठेचा रस्ता," ते म्हणाले. "कंत्राटदार डांबर लांबून आणायचा. इथं पोचेपर्यंत थंड. पहिल्याच पावसात रस्त्याचे पापुद्रे निघाले. म्हणून मी ही अट घातली. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती माझी." मग म्हणाले, "चांगली अट होती गं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. सकाळपासून कुणावर तरी ओरडायचंच होतं. पण ज्यांच्यावर ओरडायचं ते हे असे वॉकरची दांडी घट्ट धरून बसलेले, आणि सही तर माझी होती.

"शर्ट दे तो," बाबा म्हणाले.

"पूल झाल्यावर घालायचाय ना?"

"दे."

मी त्यांना शर्ट घातला. शिलाई सरळ, काजं एकसारखी. काकांची नजर आता सुईपुरतीच उरलीय, लांबचं सगळं त्यांना धूसर दिसतं. पण खांदे बाबांच्या दंडावर उतरले होते. बाह्यांतून बोटांची टोकंच तेवढी दिसत होती. वरचं बटण लावलं तरी कॉलरमध्ये माझी तीन बोटं मावली. काकांच्या वहीत बाबांचं माप ऑपरेशनच्या आधीचं होतं. त्यानंतर काकांनी त्यांना जवळून बघितलेलंच नव्हतं.

बाबांनी बाह्या दुमडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिल्या. वॉकर टेकत ते काठाशी गेले आणि खुर्चीत बसले. मी मागे उभी राहिले. पलीकडून काकांचा हात वर झाला.

"शर्ट बसला का रे अंगाला?"

बाबा मला हळूच म्हणाले, "सांग, अगदी मापात बसला."

"अगदी मापात बसला काका!" मी ओरडले.

"आणि पूल?"

बाबांनी मान खाली घातली. सभा तीन महिन्यांनी. अट काढायचा ठराव, मग मंजुरी, मग पुन्हा यादी, पुन्हा जाहिरात. हा हिशोब माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगला येत होता.

"सांग त्याला," ते म्हणाले, "यंदाही नाही. माझ्यामुळे."

मी तोंडाशी हात नेले. पलीकडे काका कानामागे हात धरून वाट बघत होते.

"यंदा नाही काका!" शेवटी मी ओरडले. माझ्यामुळे, असंही ओरडणार होते, पण तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"असू दे! बापाला सांग, कापड आणून ठेवलंय! पुढचा शर्ट समोर उभा करून, माप घेऊनच शिवणार!"

बाबांनी दोन्ही हातांनी छातीवरचं सैल कापड मागे ओढून धरलं आणि ताठ बसले.