मामांचे सहा तुकडे

मामा गेल्यावर मागे राहिलं ते शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आणि सहा तुकड्यांतला एक व्हिडिओ. दुकान विकलं गेलं. तुकडे मात्र मामी रोज जेवणं उरकली की टीव्हीवर लावायची.

आपल्यामागे हे काम कुणाला तरी यावं, म्हणून मामांनी एक जुनं मशीन उघडून दाखवलं होतं. कॅमेरा स्टँडवर. मोठी फाइल त्याच्या पोटात मावत नसे. ठरावीक माप भरलं की तो मामांचं बोलणं पुरं व्हायची वाट न बघता फाइल तोडायचा आणि नवी सुरू करायचा. "आता हा स्क्रू हलक्या हातानं..." इथे टीव्ही काळा. रिमोट केव्हाच बिघडलेला, म्हणून मामीने उठायचं, टीव्हीचंच बटण दाबायचं, की मामा म्हणणार, "...सोडवायचा."

त्या काळ्या पडद्यात मामीला दर वेळी वाटे, माणूस पुन्हा गेला. पण सांगताना ती एवढंच सांगे, की उठबस करून गुडघे दुखतात.

जावयाने सगळं जोडून दिलं होतं. सलग झालं, पण चित्र पुसट होऊन मामांच्या हातातली सुई नाहीशी झाली. मामा हवेत दोरा ओवू लागले. जावयाला काय बोलणार? मामीने "छान झालंय" म्हणून सांगितलं आणि भाचीला फोन लावला.

भाचीचं पोटच व्हिडिओ एडिटिंगवर. ती लॅपटॉप घेऊन घरी आली.

"भावोजींनी शिजलेली भाजी परत शिजवली, मामी. लगदा होणारच. आपण शिजवायचंच नाही. आहेत त्याच फाइली एकीला एक लावायच्या. चित्राला हातसुद्धा लावायचा नाही."

"किती वेळ लागेल?"

"तुझा चहा होईपर्यंत."

चहाला उकळी यायच्या आत ती म्हणाली, "पाच जोडले. चौथा बसत नाही."

"का? त्याने काय घोडं मारलंय?"

"तो तुझ्या फोनचा आहे. बाकीचे आडवे, हा उभा. माप एक असेल तरच नुसतं जोडता येतं."

कॅमेऱ्याची बॅटरी संपली तेव्हा मामीने फोन धरला होता. भाचीने तो तुकडा लावला. बाकी पाचांत मामांचे नुसते हात होते. यात चेहरा होता, आणि कोपऱ्यात मामीचा अंगठा.

"अंगठा काढ," व्हिडिओत मामा मामीला म्हणाले.

"मग फोन धरू कुठून?"

"आडवा धर."

"तुम्ही मशीनकडे बघा."

मामा मशीनकडे न बघता मान वर करून हसले.

भाची म्हणाली, "हा एकटा नव्याने बनवून त्यांच्या मापात बसवते. पण चेहरा थोडा पुसट होईल."

"सुईसारखा?"

"तेवढा नाही. नाहीतर वगळते. तसाही त्यात दुरुस्तीचं काही नाही."

"नाहीच," मामी म्हणाली. तिने चहा गाळला, साखर घातली, ढवळला. "पहिले तीन जोड. शेवटचे दोन जोड. हा मधे राहू दे, आहे तसा."

"मग दोनदा थांबेल. गुडघ्यांचं काय?"

"ते दुखतातच."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने व्हिडिओ लावला. स्क्रू एका दमात सुटला, सुई लख्ख दिसली. मग पडदा काळा झाला. मामी उठली, बटण दाबलं, आणि तो तुकडा संपेपर्यंत सोफ्याकडे न जाता टीव्हीजवळच उभी राहिली.