डिकीतला परीक्षक

भाच्याने गाडीच्या डिकीत कॉम्प्युटर ठेवला, तेव्हा ब्रेकबाईंना वाटलं की पोरगं तो दुरुस्तीला नेतंय. दुसऱ्या दिवशीही कॉम्प्युटर तिथेच होता. तिसऱ्या दिवशी एक जाड वायर मागच्या सीटखालून सरपटत पुढे आली आणि डॅशबोर्डवर स्क्रीन उगवला. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की दुरुस्तीची गरज कॉम्प्युटरला नाही.

ब्रेकबाई हे नाव शिकणाऱ्यांनी पाडलेलं. ड्रायव्हिंग स्कूल त्यांच्या भावाचं. भाऊ थकला आणि ते त्याच्या मुलाच्या हाती आलं. बाई मात्र सव्वीस वर्षं त्याच जागी होत्या, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि त्यावर बाईंचा उजवा पाय. आजवर एकही माणूस, कुत्रं किंवा भिंत त्या गाडीने दुखावली नव्हती.

"हे चालतं कशावर?" बाईंनी विचारलं.

"गाडीच्या बॅटरीवर."

"ती तर बारा व्होल्टची."

"म्हणून तर हा इन्व्हर्टर. हा बाराचे दोनशे तीस करतो. मग कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय त्या दोनशे तीसचे परत बारा करतो."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे विहिरीतलं पाणी गच्चीच्या टाकीत चढवायचं, आणि तिथून नळी सोडून विहिरीच्या काठावरची बादली भरायची."

"आत्या, ते तसं नसतं. थांब, तुला सोपं करून सांगतो."

सोपं करून सांगतो असं आधी जाहीर करणाऱ्याला बहुधा स्वतःलाच ते समजलेलं नसतं, हा बाईंचा अनुभव. तरी त्यांनी ऐकून घेतलं. मशीन प्रत्येकाला सुरुवातीला शंभर गुण देणार. गाडीला धक्का बसला की दोन वजा, करकचून ब्रेक मारला की तीन, इंजिन बंद पडलं की पाच. तास संपला की हिरवं बटण दाबायचं, उरलेले गुण त्या माणसाच्या नावावर जमा. भाचा इंजिनिअरिंग दोन वर्षं शिकला होता. उरलेली दोन वर्षं त्याने आत्मविश्वासाने भरून काढली होती.

"एकच अडचण आहे," तो म्हणाला. "डिकीत डबा तापतो. तुझ्या पायाशी वारा चांगला येतो. तिथे बसवावा लागेल."

"तिथे माझा ब्रेक आहे."

"तो काढायचा."

बाई जाऊन आपल्या सीटवर बसल्या आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

"आत्ताच नाही गं. पुढच्या महिन्यात आपले आठ जण परीक्षेला बसतायत. मशीनने पास म्हटलेले तिथे पास झाले, की मशीन पुढे आणि तू ऑफिसात. पंखा आहे, फोन आहे, गादीची खुर्ची आहे. तुझ्या जागी कोणीही बसेल. शिकवेल मशीन."

"आणि कुत्रं आडवं आलं तर?"

"मशीन आवाज देतं."

"कुत्र्याला?"

भाचा हसला नाही. विनोद कळायला लागतो तो भाग त्या राहिलेल्या दोन वर्षांत असावा.

तर असं ठरलं. महिनाभर डिकीतला परीक्षक गुण देणार आणि बाई आपल्या सीटवर मुकाट्याने बसणार.

आठ जणांत सगळ्यात कच्चे एक निवृत्त हेडक्लार्क होते. दुसऱ्याच्या टेबलावर फाइल ढकलावी तसा ते गियर ढकलत. पहिल्याच तासाला त्यांनी अकरा वेळा इंजिन बंद पाडलं. दर वेळी त्यांनी किल्ली फिरवली, की डिकीतून पीं असा आवाज येई, स्क्रीन काळा पडे, आणि अर्ध्या मिनिटाने सनई वाजवत पुन्हा उजळे. "नमस्कार. आपले गुण शंभर." तासाअखेर हेडक्लार्कांनी हिरवं बटण दाबलं. अठ्ठ्याण्णव.

सगळ्यात पक्की होती ती नर्स. तिला घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम मिळालं होतं. गाडी दवाखान्याची, चालवायची तिने, लायसन्स मिळालं की रुजू व्हायचं. शीर शोधणाऱ्या बोटांसारखा तिचा पाय क्लचवर अलगद उतरे. तिचं इंजिन एकदाही बंद पडलं नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तिचे गुण खाल्ले आणि तिला मिळाले शहाऐंशी.

भाच्याने ऑफिसच्या काचेवर तक्ता लावला. पहिला नंबर हेडक्लार्क.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बाईंना उलगडा झाला. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण गाडी कळत होती. किल्ली फिरवली की स्टार्टर बॅटरी घटाघटा पितो. त्या दोन क्षणांत इन्व्हर्टरच्या वाट्याला घोटभरही उरत नाही. तो बंद पडतो आणि त्याच्या जिवावरचा कॉम्प्युटरही. जागा होतो तो मागचं सगळं विसरून. म्हणजे जो इंजिन बंद पाडील त्याची सगळी पापं माफ, आणि जो नीट चालवील त्याच्या पापांचा ढीग.

बाई ऑफिसात गेल्या. "अरे, तुझ्या मशीनला विसरायचा आजार आहे."

भाचा तक्त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवत होता. "आत्या, हेडक्लार्क पुढे गेले म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

"माझं ऐकून तर घे."

"मशीनला नावडतं कोणी नसतं. तुला असतं. फरक एवढाच आहे."

बाई ऑफिसातून बाहेर पडल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी रडणारे, घाबरणारे, शिव्या देणारे शिकणारे पाहिले होते आणि एकाचंही शिकवणं सोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सोडलं. पडू दे तोंडावर, त्या मनात म्हणाल्या, आणि तो निर्णय त्यांना भलताच गोड लागला.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तास संपवून नर्स गाडी फाटकाशी घेऊन आली. स्क्रीनवर त्र्याऐंशी. गाडी जवळपास थांबली होती. नर्सने शांतपणे क्लचवरून पाय उचलला. गाडीने गचका खाल्ला, इंजिन बंद. तिने किल्ली फिरवली. पीं. काळोख. सनई. "आपले गुण शंभर." तिने हिरवं बटण दाबलं.

"हे काय, सिस्टर?"

"पाटी पुसली, बाई."

"कोणी शिकवलं?"

"हेडक्लार्क काकांनी. सगळेच करतात आता. परवा बाकावर बसून त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. म्हणाले, पस्तीस वर्षं मी ऑफिसात हेच केलं. चूक झाली की जुनी फाइल बंद, नवी उघडायची."

बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नर्सही हसली. बाईंना तेव्हा सांगता आलं असतं की बाई गं, पायाला डोकं नसतं, त्याला नुसती सवय असते. हे वाक्य त्या नवशिक्यांना रोज ऐकवत. पण त्यांना भाच्याचं तोंड दिसत होतं, परीक्षेच्या दिवशीचं, आणि ते दृश्य त्यांना मोडायचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या सगळ्यांचे शंभर झाले. जराशी चूक झाली की गचका, किल्ली, सनई. डांग्या खोकला झाल्यासारखी गाडी गल्लीगल्लीतून खोकत फिरत होती. भाच्याने पाटी रंगवायला टाकली: "कॉम्प्युटर पद्धतीने शंभर टक्के तयारी." आणि टेप घेऊन तो सीटपुढची जागा मोजायला आला.

"पाय जरा उचल, आत्या."

बाईंनी पाय उचलला. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात पाय उचलला नव्हता.

परीक्षेच्या मैदानावर गाडी स्कूलचीच होती. परीक्षक आत बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "हा टीव्ही बंद करा." भाच्याने निमूटपणे डिकीतलं बटण बंद केलं. तो आणि बाई कठड्याशी उभे राहिले.

पहिले हेडक्लार्क. चढावर गाडी वीतभर मागे सरकली. एवढं तर कोणाचंही सरकतं. परीक्षकांनी काही लिहिलं नाही. हेडक्लार्कांनी मात्र इंजिन बंद पाडलं, पुन्हा सुरू केलं आणि काळ्या स्क्रीनकडे आशेने पाहिलं.

"काय झालं?" उघड्या खिडकीतून परीक्षकांचा आवाज आला.

"काही नाही साहेब. आता नव्याने."

असं त्यांनी तीनदा नव्याने केलं. दुसऱ्याने दोनदा. चौथ्याच्या वेळी परीक्षक खाली उतरले, बॉनेट उघडून पाहिलं आणि भाच्याला बोलावलं.

"गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही साहेब."

"मग माणसांत आहे."

भाच्याचं तोंड बाईंनी ठरवलं होतं तसंच झालं. महिनाभर त्यांनी ज्या घासाची वाट पाहिली तो ताटात आला होता, आणि त्या चवीने खात होत्या. तेवढ्यात नर्स गाडीत बसली.

तिने चढ पार केला, वळण घेतलं, आणि गाडी उलट घेताना मागचं चाक कडेच्या प्लास्टिकच्या खांबाला जरासं घासलं. खांब हलला, पडला नाही. परीक्षकांनी मानही वळवली नाही. पण तिचा डावा पाय आपोआप उचलला गेला. गाडीने गचका खाल्ला आणि वाटेतच थांबली. लांबून बाईंना तिचा चेहरा दिसला. आपला पाय दुसऱ्याच कोणाचा असावा तशी ती खाली बघत होती. पुढच्या वळणावर पुन्हा तेच झालं. बाईंचा उजवा पाय कठड्याखाली जमिनीवर दाबला गेला, पण जमिनीला ब्रेक नसतो.

आठांपैकी दोघे पास झाले. त्यांतला एक जण आठवडाभर तापाने अंथरुणात होता आणि दुसरा परगावी गेला होता. कॉम्प्युटर पद्धतीच्या शेवटच्या आठवड्यातून एवढेच सुटले.

नर्स बाईंकडे आली. पुढची परीक्षा दीड महिन्याने होती आणि दवाखाना तोवर थांबणार की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल ती बोललीच नाही.

"तुम्ही हसलात त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, बाई हसतायत म्हणजे चालतं."

नर्स बससाठी निघून गेली.

संध्याकाळी शेडमध्ये भाचा डिकीत डोकं घालून स्क्रू काढत होता. "तू जिंकलीस, आत्या. ब्रेक राहू दे. हे भंगार काढतो मी."

"स्क्रू राहू दे. शेडचं दार ओढ, हेडलाइट लाव आणि पुढे बस."

तो बसला. समोरच्या भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं पडली.

"आता भिंतीवरून नजर काढू नकोस, आणि किल्ली फिरव."

स्टार्टर फिरला, वर्तुळं मंदावली आणि पुन्हा उजळली.

"काय दिसलं?"

"लाइट मंद झाला."

"का?"

"परत बघू?"

"बघ की."

त्याने पुन्हा किल्ली फिरवली. मग हात स्टिअरिंगवर तसाच ठेवून तो बोलू लागला, सावकाश. "स्टार्टर सगळं ओढून घेतो. व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरला पुरत नाही. म्हणून कॉम्प्युटर बंद... आणि उठतो तेव्हा शंभर." तो थांबला. "म्हणून हेडक्लार्क पहिले."

"म्हणून."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली होती.

"त्या दिवशीच का नाही दाखवलंस?"

"तू ऐकून घेत नव्हतास."

"ऐकत नव्हतो. पण भिंतीकडे बघ म्हणाली असतीस तर बघितलं असतं."

बाईंना ते नाकारता आलं नाही. "तू तोंडावर पडावंस म्हणून नाही दाखवलं," त्या म्हणाल्या.

"पडलो की."

"तू एकटा पडला असतास तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. गाढवाला उताणं पाडायला मी सहा जणांना उताणं पाडलं. त्यातली एक माझ्या हातची सगळ्यात चांगली. तू बिनअक्कल आहेस, ते तुझं वय आहे. माझं काय वय आहे?"

भाच्याने हेडलाइट बंद केला. मग म्हणाला, "मशीनला वेगळी बॅटरी देतो. स्टार्टरचा संबंधच नको."

"दे. आणि उलट-सुलट न करता सरळ बारावर चालेल असा सप्लाय बघ. पण आधी त्या सहा जणांच्या घरी जायचं. तू आणि मी. शिकवणी पुन्हा, सकाळी सहापासून, त्यांना जमेल तशी."

हेडक्लार्कांनी विचार करून कळवतो असं सांगितलं. बाकीचे कुरकुरत कबूल झाले. नर्स तिसऱ्या दिवशी सकाळी सध्याच्या ड्यूटीच्या आधी आली. नेहमीसारखं "चला बाई" म्हणाली नाही. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, गाडी सुरू केली.

बाईंनी मैदानात खांब मांडून ठेवले होते. "सिस्टर, तो पहिला खांब पाडायचा."

"पाडायचा?"

"पाडायचा, आणि थांबायचं नाही."

खांबाला गाडी लागली. पाय उचलला गेला. गचका, शांतता.

"परत."

परत तेच. बाई दर वेळी उतरून खांब उभा करत आणि गुडघ्याला हात लावून परत बसत. नर्सने एकदाही "बसा, मी उचलते" म्हटलं नाही. सातव्यांदा, आठव्यांदा तिचे ओठ पांढरे पडले होते. बाराव्यांदा खांब आडवा झाला, तिचा पाय थरथरला आणि क्लचवरच राहिला. इंजिन चालू राहिलं. खांब गाडीखाली अडकून खडखडत फरफटत येऊ लागला.

बाईंनी ब्रेकवरचा पाय मागे घेतला. नर्स पुढचं वळण घेत होती.